खोलीत दोनच माणसं

समुपदेशक : ...कारण उपचार म्हणजे शेवटी दुसरं काही नसतं हो. एक खोली, दोन माणसं आणि त्यांच्यातला विश्वास. म्हणून तर फोन बाहेर ठेवून आत यायचं, हा या खोलीचा पहिला नियम. इथे तिसरं कुणी नको.

कारागीर : मग तुम्ही तिकडे काय बघताय?

समुपदेशक : कुठे?

कारागीर : स्क्रीनकडे. मी आल्यापासून तुम्ही विश्वासाबद्दल बोलताय ते तिकडे तोंड करून.

समुपदेशक : तुमचा आलेख बघतोय. ॲपने दिवसभरात विचारलेले प्रश्न आणि तुम्ही दिलेली उत्तरं. म्हणजे एका अर्थाने मी तुमच्याकडेच बघतोय.

कारागीर : मी इकडे बसलोय.

समुपदेशक : हो हो, तेही दिसतंय. गुडघे कसे आहेत आता?

कारागीर : कुणाचे?

समुपदेशक : असू द्या. मुद्द्याचं बोलतो. आलेख काही बरा दिसत नाही. आधी छान होता, नंतर घसरायला लागला, तेव्हा आपण गोळी वाढवली. तर तो आणखी घसरला. त्यामुळे आज वरच्या डॉक्टरांना चिठ्ठी पाठवतोय, की अजून थोडी वाढवावी. तुम्हाला सांगितल्याशिवाय पाठवायची नाही, असं माझं तत्त्व आहे.

कारागीर : सांगून पाठवणार.

समुपदेशक : सांगून.

कारागीर : मागच्या वेळी वाढवलीत तेव्हापासून हात थरथरतोय. मला दातांवरून प्लास्टरवर टाकलंय.

समुपदेशक : म्हणजे नक्की काय?

कारागीर : कवळीत दात बसवायचे म्हणजे मेणात एकेक उभा करायचा. दाढ केसभर कलली तरी माणूस आयुष्यभर गाल चावतो. त्याला स्थिर हात लागतो. आता मी बादलीत प्लास्टर कालवतो. ते कुणीही कालवतं. अजून वाढवलीत तर मालक म्हणालेत, बादलीचीही दगदग नको, घरीच आराम कर.

समुपदेशक : आराम वाईट नसतो.

कारागीर : ते आराम म्हणाले की माणूस परत येत नाही. आधीचा पॉलिशवाला अजून आराम करतोय.

समुपदेशक : मी समजू शकतो. पण मी तुमच्या उत्तरांकडे डोळेझाक कशी करू?

कारागीर : ती उत्तरं माझी नाहीत.

समुपदेशक : हे तुम्ही मागेही म्हणाला होतात. मी त्याची नोंद केली आहे.

कारागीर : काय नोंद केलीत?

समुपदेशक : ‘स्वतःचेच विचार परके वाटतात. आपल्या नावाने दुसरं कुणीतरी लिहितं, अशी ठाम समजूत.’

कारागीर : ठाम आहे. समजूत नाही.

समुपदेशक : अशा समजुतीचं लक्षणच ते असतं. ती समजूत आहे असं वाटत नाही.

कारागीर : मग खरी गोष्ट कशी वाटते?

समुपदेशक : तशीच.

कारागीर : मग दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?

समुपदेशक : फार चांगला प्रश्न आहे. ॲपमध्ये त्यावर एक धडा आहे. तुम्ही तो पूर्ण केलाय, असं इथे दिसतंय. पैकीच्या पैकी.

कारागीर : मी तो उघडलेलाही नाही.

समुपदेशक : हे बघा, आपण सुरुवात कुठून केली ते आठवा. तुम्ही पहिल्यांदा इथे आलात ते कशामुळे?

कारागीर : बसमुळे. मी बनवलेल्या कवळ्या लोकांच्या तोंडात बसून माझी निंदा करतात, असं मला वाटायचं. बसमध्ये एक गृहस्थ समोर बसले होते. त्यांची मी काढून घ्यायला गेलो.

समुपदेशक : आणि?

कारागीर : निघेना. त्यांचे स्वतःचे दात होते. प्रकरण तिथे बिघडलं.

समुपदेशक : आज त्या घटनेकडे कसं बघता?

कारागीर : दात फार चांगले होते. त्या वयात स्वतःचे असतील असं वाटलं नव्हतं.

समुपदेशक : बरं. मग मला सांगा, त्या दिवशीही तुम्ही ठामच होतात ना?

कारागीर : होतो.

समुपदेशक : आजही ठाम आहात.

कारागीर : तुमचा मुद्दा कळला. वाचून तरी दाखवा, मी काय काय लिहिलंय ते.

समुपदेशक : हे मंगळवारचं. ‘बाकी ठीक. जिना चढताना गुडघे बोलतात.’

कारागीर : आमचा कारखाना तळमजल्यावर आहे.

समुपदेशक : गुडघे बोलतात, म्हणजे आधी दात होते आणि आता गुडघे. माझं लक्ष तिकडे गेलं. मग हे. ‘घरात माणूस आहे, पण नसल्यासारखं. समोरच्या खोलीतून नुसता श्वास ऐकू येतो.’ हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. आणि हे तर मी कधीच विसरणार नाही. ‘पूर्वी दिवसभर माझ्या कानात माणसं बोलायची. ओळखीची, अनोळखी, रागावलेली, रडणारी. आता कुणीच बोलत नाही. करमत नाही.’

कारागीर : चांगलं लिहिलंय.

समुपदेशक : चांगलं? अहो, आवाज बंद झाल्यावर माणसाला त्यांची आठवण येते, यावर कुणी फारसं बोलतच नाही. मी यावर एक शोधनिबंध करतोय. तुमचं नाव न घालता. परिषदेसाठी पोस्टरही छापून आलंय. ते दारामागे उभं केलंय ना, तेच.

कारागीर : माझ्या कानात माणसं कधीच नव्हती. एकच म्हातारा आहे, नाकात बोलतो. तोही फक्त कामाचं. ‘कवळीचा चावा उंच झालाय, खाली घे.’

समुपदेशक : हा म्हातारा ॲपमध्ये कुठेच नाही.

कारागीर : कसा असेल? मी ॲपमध्ये कुठेच नाही. मला एक प्रश्न पाठवा.

समुपदेशक : विचारा ना.

कारागीर : विचारा नाही, पाठवा. तुम्हाला इथून पाठवता येतो ना? ॲपवरून, आत्ता. मी हात टेबलावर ठेवतो. हे बघा. दहाही बोटं. थरथरतायत, पण इथेच आहेत.

समुपदेशक : यातून काय साध्य होणार?

कारागीर : काही नाही झालं तर चिठ्ठी पाठवा. मी गोळी घेईन, वाद घालणार नाही.

समुपदेशक : ठीक. नेहमीचाच पाठवतो. ‘या क्षणी तुम्हाला कसं वाटतंय?’ गेला. आता आपण दोघं शांतपणे...

कारागीर : काय झालं?

समुपदेशक : उत्तर आलं.

कारागीर : माझं?

समुपदेशक : तुमच्या नावाने. ‘ठीक आहे. इथली बाकं फार टणक आहेत.’

कारागीर : मी खुर्चीत बसलोय.

समुपदेशक : हो.

कारागीर : गादीच्या.

समुपदेशक : हो, मला दिसतंय. तुमचा फोन आत्ता नक्की कुठे आहे?

कारागीर : नियमाप्रमाणे बाहेर. आत्याच्या पर्समध्ये. इतर दिवशी घरी, फ्रिजवर. काम करताना तो थरथरला की दाढ वाकडी बसते, म्हणून मी नेतच नाही.

समुपदेशक : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

कारागीर : तुम्ही विचारलं नाहीत. ॲपने विचारलं असेल, तर ते फ्रिजला विचारलं.

समुपदेशक : त्यांना आत बोलवायला तुमची हरकत आहे?

कारागीर : खोलीत दोनच माणसं ना?

समुपदेशक : आता मोजायला उशीर झालाय.

(दार उघडतं. आत्या आत येतात. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात उघडा फोन.)

आत्या : संपलं का एवढ्यात? आज लवकर सोडलंत. आणि डॉक्टरसाहेब, बाहेर बाकांवर एखादी गादी टाका हो. येणारा माणूस आधीच वैतागलेला असतो.

समुपदेशक : मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. वाचली मी तुमची सूचना.

आत्या : कुठली सूचना?

कारागीर : आत्या, माझ्या फोनवर तू लिहितेस?

आत्या : मी कशाला लिहू? मी फक्त उचलते.

कारागीर : उचलतेस म्हणजे?

आत्या : आता बघ राजा. तू तो फ्रिजवर ठेवून जातोस. तो वाजतो. वाजलेला फोन तसाच वाजत ठेवायचा? टेलिफोनच्या बोर्डावर जन्म गेला माझा, डॉक्टरसाहेब. दिवसभर कानाला हेडफोन. तिसरी रिंग झाली की आमच्या सुपरवायझर बाई मागून नुसत्या खाकरायच्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण अजूनही शेजाऱ्यांचा वाजला तरी हात पुढे जातो.

समुपदेशक : पण उत्तरं त्यांच्या नावाने?

आत्या : मग कुणाच्या नावाने? साहेब जागेवर नसले की ऑपरेटर काय सांगतो? ‘साहेब बरे आहेत, कामात आहेत, निरोप देते.’ तेच लिहायची मी. हिरवा हसरा चेहरा दाबायचा आणि लिहायचं, ठीक. म्हटलं, पोराचं नाव तिथे चांगलं राहावं. निरोप तेवढा द्यायचा राहिला.

कारागीर : दीड वर्ष.

आत्या : तू विचारलंस का कधी, माझा फोन आला होता का म्हणून?

समुपदेशक : म्हणजे सुरुवातीचा तो चांगला आलेख...

आत्या : मीच. आणि ते दरवेळी शाब्बास म्हणायचं बरं का. ‘शाब्बास! आज तुम्ही स्वतःसाठी वेळ काढलात.’ अख्ख्या नोकरीत मला कुणी शाब्बास म्हटलं नाही. लाईन कटली की मात्र आठवण व्हायची.

समुपदेशक : मग नंतर तो घसरायला का लागला? तुम्ही हिरवा चेहरा दाबत होतात ना?

आत्या : दाबत होते. पण एके दिवशी ते विचारतं, ‘आज तुमच्याशी कुणी मनापासून बोललं का?’ आता दुसऱ्याच्या वतीने ठीक आहे म्हणता येतं. पण याला काय लिहिणार? बोटांनी आपोआप ‘नाही’ लिहिलं. वाटलं, आता ओरडेल. तर संध्याकाळी उत्तर आलं, ‘हे सांगितलंत याबद्दल आभार. सोपं नसेल ते.’ मी चष्मा पुसून परत वाचलं.

समुपदेशक : ते मी लिहिलं होतं.

आत्या : तुम्ही? यंत्र नाही?

समुपदेशक : यंत्र प्रश्न विचारतं आणि शाब्बास म्हणतं. उत्तरं मीच लिहितो, घरी जाताना बसमध्ये.

आत्या : अगं बाई! म्हणजे गुडघ्यांचं, बोर्डावरच्या दिवसांचं, ते सगळं तुम्ही? मला वाटलं मशीन आहे, म्हणून मोकळेपणाने लिहीत होते. माणसाला कोण सांगतं असलं काही?

कारागीर : तू मशीन समजून बोललीस आणि आत माणूस निघाला. माझंही बसमध्ये तसंच झालं होतं.

समुपदेशक : ‘दिवसभर कानात माणसं बोलायची’, ते...

आत्या : बोर्डाचंच की. एक माणूस रोज दुपारी बायकोला जोडून मागायचा आणि दोघं एक शब्द बोलायची नाहीत. मी मात्र लाईन चालू आहे ना, ते बघत बसायची. अशी माणसं पुन्हा भेटत नाहीत हो.

कारागीर : दारामागे तुझं पोस्टर उभं आहे.

आत्या : माझं? छापलंत? बघू तरी.

समुपदेशक : नंतर बघू. आणि ‘समोरच्या खोलीतून नुसता श्वास ऐकू येतो’?

आत्या : हा. दुसरं कोण? पूर्वी घरी आला की ओट्याशी उभा राहून दिवसभराचं सांगायचा. कुणाचा जबडा कसा, कुणाची कवळी कुत्र्याने पळवली. तुमची गोळी सुरू झाली तसा लवकर झोपायला लागला, वाढल्यापासून तर येतो आणि चपलेसकट आडवा होतो. मी बसते समोर त्याचा श्वास मोजत. मग तो फोन वाजतो. तेवढाच आधार.

कारागीर : थांब. सुरुवात माझ्या झोपेने झाली. मी गोळी घेऊन झोपायला लागलो, म्हणून तू एकटी पडलीस.

आत्या : एकटी म्हणजे अगदीच असं नाही...

कारागीर : ते तू माझ्या नावाने लिहिलंस. म्हणून यांनी माझी गोळी वाढवली. म्हणून मी जास्त झोपलो. म्हणून तू जास्त लिहिलंस. म्हणून आज हे आणखी वाढवतायत.

आत्या : अरे देवा.

कारागीर : याला तुमच्यात काही नाव आहे?

समुपदेशक : नाही. पण आलेख असाच दिसेल.

आत्या : म्हणजे याचा हात माझ्यामुळे थरथरतोय?

समुपदेशक : नाही. माझ्यामुळे. त्यांनी मला या खोलीत, या खुर्चीत बसून सांगितलं की हे मी लिहीत नाही. मी ते लक्षण म्हणून लिहून घेतलं. तुम्ही निदान फोन तरी उचललात.

कारागीर : ॲपमध्ये एक प्रश्न होता म्हणे. समुपदेशकांशी तुमचं कसं जमतं, असा.

समुपदेशक : आहे. दर महिन्याला.

कारागीर : मी काय दिलंय?

समुपदेशक : पाचपैकी पाच. विभागात सर्वांत जास्त. मला त्याबद्दल एक छोटा कप मिळालाय. त्यात आता पेनं ठेवलीत.

आत्या : मग काय, चांगलेच आहात तुम्ही. संध्याकाळचे तर फारच चांगले.

कारागीर : मी तीन दिले असते.

समुपदेशक : तीन?

कारागीर : एक खुर्चीचा.

समुपदेशक : बरोबर आहे. मी हा स्क्रीन बंद करतो. आता मी विचारतो, तुम्हाला, तोंडाने. कसं चाललंय?

कारागीर : आत्या इथे असू दे?

समुपदेशक : तुम्ही म्हणाल तसं.

कारागीर : असू दे. नाहीतरी तीच उत्तर देते. हात थरथरतो, ते सांगितलं. सकाळी डोक्यात ओलं प्लास्टर भरल्यासारखं असतं, दुपारी ते सुकतं. कवळ्या आता बोलत नाहीत. बोलतायत असं वाटलं तरी मी तोंडात हात घालत नाही, खिडकीबाहेर बघतो. ते तुम्हीच शिकवलं होतंत, गोळी वाढवायच्या आधी. ते जमतंय. आणि म्हातारा अजून आहे.

आत्या : कोण म्हातारा?

कारागीर : आहे एक. कमी बोलतो. गोळी वाढल्यापासूनही तेवढाच बोलतो, जास्त नाही, कमी नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

समुपदेशक : का?

कारागीर : सांगितलं की वाढवणार. आताही वाढवाल.

समुपदेशक : तो शेवटचं काय म्हणाला?

कारागीर : परवा. ‘बादली हे तुझं काम नाही.’

समुपदेशक : या बाबतीत माझं आणि त्याचं एकमत आहे. पण उद्या तो काही भलतं सांगायला लागला, तर?

कारागीर : तर सांगेन. तुम्हाला. फ्रिजला नाही. लिहून घेत नाही आहात?

समुपदेशक : कपातल्या पेनांची शाई संपलीय. ऐकतोय. मी वरच्या डॉक्टरांना या टेबलावरच्या फोनवरून आत्ताच फोन करतो. मिळणार नाहीत, ते नेहमी मीटिंगमध्ये असतात. पण प्रयत्न करतो.

आत्या : सरका. मी लावते.

समुपदेशक : आत्याबाई, तिथली मुलगी कुणालाच...

आत्या : मीटिंगमधला साहेब कसा जोडायचा, हे मला सांगू नका. आतला नंबर काय? हं. हॅलो, साहेबांची लाईन थांबलीय, द्या. मीटिंगमध्ये? असू द्यात ना, मी कुठे मीटिंग मोडतेय, मी लाईन देतेय. ठेवू म्हणता? ठेवते, पण तुमचं नाव सांगा, कुणी ठेवायला सांगितलं ते कळवावं लागतं. हं. हं. नमस्कार साहेब, एक मिनिट हं, बोला. घ्या, आले.

समुपदेशक : सर, मी खालून बोलतोय. ते कवळीच्या कारखान्यातले. हो, बसवाले. सर, माझी चूक झाली. ॲपमधली उत्तरं त्यांची नव्हती. नाही, यंत्राची चूक नाही. त्यांनी दोनदा सांगितलं होतं, मीच मानलं नाही. त्यांच्या आत्याची होती. नाही सर, आत्यांना काही झालेलं नाही. हात थरथरतोय, हो. एक आवाज आहे, जुनाच, वाढलेला नाही. त्यांनी स्वतः सांगितलं. हो सर, समोर बसूनच. बरं. बरं सर. हो, सांगतो.

कारागीर : काय म्हणाले?

समुपदेशक : गोळी आधीएवढी करायची. आज चिठ्ठी मिळेल. पुढच्या आठवड्यात ते स्वतः हात बघतील. आणि तोवर रोज संध्याकाळी मला एक फोन करायचा. बोलायला, लिहायला नाही. म्हातारा जास्त बोलायला लागला तर त्याच दिवशी यायचं.

कारागीर : आलेख बघितला त्यांनी?

समुपदेशक : त्यांनी ॲप कधी उघडलंच नाही. पासवर्ड विसरलेत. मी सांगितलं म्हणून वाढवली होती, मी सांगितलं म्हणून कमी केली.

आत्या : म्हणजे विश्वासाचंच माणूस म्हणा की तुम्ही.

समुपदेशक : तुमच्या तोंडून हे ऐकायला जड जातंय.

आत्या : मग आता मी कुठे लिहायचं? माझं वेगळं खातं काढून द्या. काय विचारतील त्याचं उत्तर देईन, खरं खरं.

समुपदेशक : ते पस्तिशीच्या पुढे कुणाला घेत नाही.

आत्या : पस्तिशीनंतर माणसाला काही होत नाही का?

समुपदेशक : होतं. ॲप नसतं.

कारागीर : मला सांग ना. संध्याकाळी, ओट्याशी.

आत्या : तू ऐकशील? तू तर आल्या आल्या आडवा होतोस.

कारागीर : गोळी कमी झालीय.

आत्या : बघू. चल, बस चुकेल. आणि हा घे तुझा फोन. अरे, मी बाहेर होते तेव्हाच एक प्रश्न येऊन पडलाय बघ. ‘आजचं सत्र कसं वाटलं? एक ते पाच.’ मी हात लावणार नाही बाबा. तूच दे.

कारागीर : दिले.

समुपदेशक : किती दिलेत? नाही, सांगितलं नाहीत तरी चालेल.

कारागीर : जातच नाहीये. नुसतं गोल गोल फिरतंय.

समुपदेशक : या खोलीत रेंज नाही. फोन बाहेर ठेवायचा नियम त्यामुळेच केला होता.